बराकीमागचा डॉक्टर

"मोजा काढ," मी म्हणालो.

त्यानं मोजा काढला आणि तीन दिवसांचा आंबूस वास थेट माझ्या तोंडावर आला. पहाटे पाचची वेळ होती. बराकीमागच्या नळाच्या कट्ट्यावर तीन रंगरूट पँटी गुडघ्यापर्यंत दुमडून बसले होते आणि मी त्यांच्यासमोर उकिडवा बसून एकेकाची नडगी अंगठ्यानं वरून खाली दाबत येत होतो.

"इथं दुखतंय?"

"दुखतंय."

"आणि इथं?"

"तिथं पण. सगळीकडंच."

"सगळीकडं दुखतंय म्हणजे कुठंच काही झालेलं नाही. ऊठ, बूट घाल. पुढचा कोण?"

मी काही डॉक्टर नव्हतो. दहावीला बेचाळीस टक्के मिळवलेला, वीस वर्षांचा, त्या तिघांसारखाच एक रंगरूट होतो. फरक इतकाच, की माझी नडगी एकदा मोडून पुन्हा सांधली होती. आमच्या कंपनीत रोज किती जण सिक गेले, म्हणजे आजारी म्हणून दवाखान्यात नाव लावून आले, त्याचा आकडा ऑफिसबाहेरच्या फळ्यावर खडूनं लिहीत. ज्या कंपनीचा आकडा मोठा, तिच्या उस्तादांची, म्हणजे ट्रेनिंग देणाऱ्यांची, साहेबांपुढं शोभा. म्हणून आमच्या हवालदार मोरबाळे उस्तादांनी एक युक्ती काढली होती. सिक जायचंय त्यानं आधी भैरू चौगुलेला, म्हणजे मला, पाय दाखवायचा. "ह्याचा पाय मोडून झालाय, ह्याला मोडलेला पाय कळतो," असं त्यांचं म्हणणं. मी मान हलवली तर तो दवाखान्यात, नाही तर मैदानात. सगळी बराक मला डॉक्टर म्हणायची आणि खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं.

आता त्या कट्ट्याची आठवण झाली तरी शिसारी येते. त्या मोज्यांची नव्हे.

माझी पहिली बॅच अर्ध्या ट्रेनिंगवर सुटली होती. नडगीतली कळ मी बारा दिवस लपवली आणि तेराव्या दिवशी मैदानात आडवा झालो. मग प्लॅस्टर, दोन महिने दवाखान्याची खाट आणि महिनाभराची घरची रजा. त्या रजेत चंदगडातल्या ज्याला त्याला माझ्या पायाकडं बघून च्यक च्यक करायचं होतं. एसटी स्टँडवर एक ओळखीचा कंडक्टर भरल्या गाडीतून ओरडला, "काय भैरू, मिल्ट्रीनं परत लावून दिलं व्हय?" गाडीतली माणसं हसली. त्या दिवशी मी ठरवलं, की मरेन, पण पुन्हा असा परत येणार नाही.

सेंटरला परतलो तर माझ्या बरोबरचे पुढे गेलेले. मला मागच्या बॅचमध्ये टाकलं. ऑफिसात एका कागदावर सही घेतली. एकदा मागे पडलेला रंगरूट दुसऱ्यांदा मागे पडला तर त्याला घरी पाठवण्यात येईल, असं त्यात लिहिलेलं होतं. मी तो कागद दोनदा वाचला आणि सही केली.

नव्या बॅचमध्ये माझा बडी झाला मायाप्पा कोळेकर. बडी म्हणजे जोडीदार. जेवायला, पहाऱ्याला, शिक्षेला दोघं बरोबर, आणि आमच्या कंपनीत धावायलाही दोघं बरोबर. मागच्याचा पाय रेषेला लागेल ती दोघांची वेळ. लढाईत एकटाच पुढे पोचून काय उपयोग, असं उस्ताद सांगत.

मायाप्पा जत तालुक्यातला, मेंढरांमागं वाढलेला. मला त्याचा वीट यायचा. चहा फुर्र करून ओढायचा आणि दुसऱ्यांच्या मगात तळाला राहिलेलाही पिऊन टाकायचा. झोपताना टाचांच्या भेगांना तेल चोळायचा आणि तोच हात डब्यात घालून मला शेव द्यायचा. त्याच्या अंगाला मेंढरांचा वास येतो असं मी चारचौघांत म्हणायचो. येत नव्हता, तरी म्हणायचो. तो हसायचा आणि मला अण्णा म्हणायचा.

पहिला दीड महिना माझा पाय कच्चा होता. एकटा सुटला असता तर मायाप्पा कंपनीत पहिला आला असता. पण तो माझ्या चालीनं पळायचा. आम्ही शेवटून पहिले आलो की उस्ताद दोघांना रगडा द्यायचे, म्हणजे भर उन्हात मैदानभर कोलांट्या आणि बेडूकउड्या. अंगातली माती झटकत तो म्हणायचा, "अण्णा, मेंढरामागं ह्येच्या दुप्पट पळतो मी. ह्ये काय न्हाय." मी कधी त्याचे आभार मानले नाहीत. बडीनं तेवढं करायचंच असतं, असा माझा समज होता.

शेवटची मोठी धाव नऊ दिवसांवर आली होती. पाच किलोमीटर, पाठीवर भरलेला पिठ्ठू, हातात रायफल. ती झाली की दोन महिने परेडची तयारी, मग कसम परेड, म्हणजे शपथ घेतली की शिपाई. रविवार होता, आम्ही दोघं नळावर कपडे धूत होतो.

"अण्णा, माझा पाय जरा बघतोस?"

"सकाळी लायनीत का आला नाहीस?"

"लायनीत नगं. पोरं बघत्यात."

त्यानं पाय पुढे केला. मी कंटाळत अंगठा टेकवला आणि दाबत खाली आलो. नडगीच्या मध्यावर, आतल्या कडेला, अंगठ्याखाली शेंगदाण्याएवढा उंचवटा लागला. मायाप्पाचं सगळं अंग उडालं. वर दाबलं, काही नाही. खाली दाबलं, काही नाही. पुन्हा तिथंच दाबलं, तर त्यानं माझं मनगट धरलं.

"एका पायावर उडी मार बघू."

त्यानं टाच उचलली आणि परत टेकवली. "न्हाय जमत."

मला कळलं. अंदाज नव्हे, शंका नव्हे, पक्कं कळलं. माझ्या पायात त्याच जागी, तेवढंच, तसंच होतं. हाडाला चीर गेली होती. आत्ता सिक गेला असता तर सहा आठवड्यांत बरा होऊन पुढच्या बॅचबरोबर शिपाई झाला असता. त्याची ही पहिलीच वेळ होती, त्याला पुढची बॅच होती.

"तुझंबी आसंच हुतं व्हय?" त्यानं विचारलं.

"छ्या! माझं हाड होतं. तुझं मांस धरलंय. मलम चोळ, पट्टी आवळून बांध, पळता पळता सुटंल."

"नक्की?"

"डॉक्टर कोण, तू का मी?"

तो एवढा मोकळा हसला की मला त्याच्याकडं बघवेना. "मला वाटलं, गेलो आता," तो म्हणाला. मग माझ्या हातातला ओला शर्ट ओढून घेतला आणि स्वतःच पिळून दोरीवर टाकला.

दुसऱ्या दिवशी मोरबाळे उस्तादांनी मला बाजूला घेतलं.

"कोळेकर उजवा पाय चोरतोय. बघितलास?"

"बघितला उस्ताद."

"मग?"

उस्तादांनी आवाज खाली आणला. "हे बघ चौगुले. असंल तर आत्ता सांग, आजच सिक लावतो. फुडं तुझं काय, ते तुला ठावं हाय. बडी न्हाय तर धाव न्हाय. धाव न्हाय तर फुडची बॅच. आणि तुला फुडची बॅच न्हाय."

"पाय चांगला हाय उस्ताद. नाटक करतोय."

"कोळेकर? नाटक?"

"शेवटच्या धावेला सगळ्यांचंच दुखतं."

उस्तादांनी माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं. माणूस बारा वर्षं रंगरूट घडवत होता, त्याला काय कळत नव्हतं? पण त्या महिन्यात फळ्यावर आमचा आकडा सगळ्यांत कमी होता. "तुझ्या सांगण्यावर सोडतोय," ते म्हणाले आणि निघून गेले.

ते नऊ दिवस मायाप्पा रोज मलम चोळायचा. त्या उग्र वासानं मी तोंड फिरवून झोपायचो. माझ्या पेटीत दवाखान्यातून आणलेल्या दुखणं थांबवायच्या गोळ्या उरल्या होत्या. मी त्याला सकाळ-संध्याकाळ एकेक देत होतो. तो ती डोळे मिटून गिळायचा आणि म्हणायचा, "अण्णा, तू हायस म्हनून बरं हाय." त्यालाच उलट दोन शिव्या द्याव्यात असं मला व्हायचं. का, ते त्या वेळी मी स्वतःला विचारलं नाही.

धावेच्या दिवशी मी त्याला दोन गोळ्या दिल्या. तीन किलोमीटरपर्यंत तो नीट पळाला, उलट मीच धापा टाकत होतो. चौथ्यात तो उजव्या अंगाला झुकायला लागला. चेहरा पांढराफटक, ओठ दातांत धरलेले.

"चल, थोडंच राहिलं," मी म्हणालो.

पाण्याच्या टाकीपाशी, चारशे मीटर उरलेले असताना, मला आवाज आला. वाळलेली काठी गुडघ्यावर मोडावी तसा. तो ओरडला नाही, नुसता श्वास आत ओढला आणि खाली बसला.

"अण्णा, गेला. पाय गेला."

"ऊठ."

"थांब. थांब रं जरा."

"घड्याळ चाललंय मायाप्पा, ऊठ!"

मी त्याची रायफल माझ्या गळ्यात अडकवली, त्याचा हात खांद्यावर घेतला, दुसऱ्या हातानं त्याचा पट्टा मुठीत धरला आणि निघालो. त्याचा उजवा बूट मातीत रेघ ओढत येत होता. मधेच बूट जमिनीला अडकला की मायाप्पा ओरडायचा. तसा आवाज मी नंतर सीमेवरही ऐकला नाही. "टेकू नको, टेकू नको," असं मी त्याला सांगत होतो, पण वेग कमी करत नव्हतो. तो म्हणत होता, "सोड मला. अण्णा, सोड." सोडला असता तर तिथं थांबलं असतं सगळं. मी पट्टा आणखी घट्ट धरला.

पुढे रेषेपाशी सगळी कंपनी उभी होती. आम्हाला तसं येताना बघून पोरं बेभान झाली. "शाबास चौगुले! सोडू नको! बडीला सोडू नको!" टाळ्या सुरू झाल्या. त्या टाळ्यांच्या तालावर मी मायाप्पाला ओढत रेषेपार नेलं.

आणि आधी घड्याळाकडं बघितलं. चाळीस सेकंद शिल्लक होते. मग त्याच्याकडं बघितलं.

त्याचं पाऊल जिकडं असायला हवं तिकडं नव्हतं. पँट रक्तानं भिजली होती आणि त्या कापडाला आतून काहीतरी टोकदार लागलं होतं. मी तिथंच गुडघ्यांवर बसून भडाभडा ओकलो. लोकांना वाटलं, जीव तोडून पळाल्यामुळं. कुणीतरी माझ्या डोक्यावर पाणी ओतलं. उस्तादांनी पाठीवर थाप मारली आणि चारचौघांत मोठ्यानं म्हणाले, "बडी असावा तर असा!" पण त्यांनी माझ्या डोळ्याला डोळा भिडवला नाही.

तीन दिवसांनी सुभेदार खानविलकर साहेबांनी चौकशीला बोलावलं. उस्ताद भिंतीशी उभे होते.

"मी कोळेकरला दवाखान्यात विचारून आलो," साहेब म्हणाले. "तो म्हणतो, पाय दुखत होता, पण त्यानं कुणाला दाखवला नाही. स्वतःच लपवला. तू त्याचा बडी. तुला काही बोलला होता?"

मी खोलीत शिरेपर्यंत काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. ठरवलं होतं.

"नाही साहेब."

"कुणालाच दाखवला नाही?"

"नाही साहेब."

उस्ताद छताच्या पंख्याकडं बघत होते. साहेबांनी लिहिलं, की सदर रंगरूटानं दुखापत लपवली. मी खाली सही केली. दुसऱ्या दिवसापासून नळाच्या कट्ट्यावर कुणी पाय दाखवायला बसलं नाही आणि मला कुणी डॉक्टर म्हणालं नाही.

दवाखाना बराकीपासून पायी पंधरा मिनिटांवर होता. कसम परेडला अजून नऊ आठवडे होते. मी एकदाही गेलो नाही. आज वेळ नाही, उद्या जाऊ, असं म्हणत गेलो नाही. मायाप्पाचं हाड सांधलं, पण पाय दीड इंच आखूड राहिला आणि त्याला सैन्यातून मोकळं करण्याचा कागद निघाला, एवढं मला बराकीत कळलं.

कसम परेडच्या दिवशी कमांडंट साहेबांनी भाषणात माझं नाव घेतलं. मला पुढे बोलावून सगळ्या आयाबापांसमोर त्या शेवटच्या चारशे मीटरची गोष्ट सांगितली. जखमी साथीदाराला मागे न टाकणं हीच आपली परंपरा, असं ते म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, बायकांनी डोळे पुसले. माझ्या नव्या कडक वर्दीत मला घामाचा वास येत होता आणि तो माझाच होता.

परेड सुटली आणि शामियान्यात गर्दी झाली. जो तो आपल्या मुलाला मिठ्या मारत होता. त्या गर्दीतून तांबडा फेटा बांधलेला, खांद्यावर घोंगडं टाकलेला एक वाळका म्हातारा सरळ माझ्याकडं आला आणि काही कळायच्या आत माझ्या बुटांकडं वाकला. मी त्याला धरून वर उचललं.

"अहो, हे काय करताय!"

"तूच चौगुले न्हवं? मी मायाप्पाचा आबा, त्येला न्यायला आलोय," तो म्हणाला. माझे दोन्ही हात त्यानं आपल्या खरबरीत हातांत धरले. "माझ्या लेकराला पाठीवर घिऊन आलास बाबा. सख्खा भाऊ टाकून पळाला आसता."

चारशे मीटरमधलं फरफटणं जतला पोचेपर्यंत पाठीवर झालं होतं. त्यानं घोंगड्यातून एक फडकं सोडलं, शेंगापोळीचा तुकडा मोडला आणि स्वतःच्या हातानं माझ्या तोंडात घातला. मी तो चावला आणि गिळला.

मागे मायाप्पा उभा होता. दोन काठ्या बगलेत, अंगात घरचा पांढरा शर्ट. अंगानं तो निम्मा झाला होता.

"आबा, तिथं बस जरा. आम्ही पानी पिऊन येतो," तो म्हणाला.

आम्ही चार पावलं बाजूला गेलो. त्या चार पावलांना फार वेळ लागला.

"मायाप्पा, मी आबांना सगळं सांगतो," मी म्हणालो. "साहेबांकडंबी जातो."

"दवाखान्यात मोठ्या डॉक्टरनं दुसरा पाय दाबून बघितला," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, रडवेलाही नव्हता. "त्यात बी बारीक चीर निगाली. ती गावली तवा त्येंचं तोंड जसं झालं, तसंच तुझं झाल्यालं नळावर. तवा मला कळलं."

"मग साहेबांना खोटं का सांगितलंस?"

"साहेब आलं तवा कळलं नव्हतं मला. तवा मला वाटलं, तुझी चूक झाली आसंल. चुकीपायी तुला कशाला घरी धाडायचं?" तो थांबला. "मागनं कळलं. पर मग सांगून पाय लांब हुनार व्हता?"

त्यानं बगलेतली काठी सावरली.

"आबाला काय बी सांगू नगंस. दोन म्हैनं झालं, गावभर सांगत फिरतोय, माझ्या लेकराला त्येच्या बडीनं टाकला न्हाय. लोक बसवून घेत्यात, च्या पाजत्यात. लंगडं पोरगं घरी न्यायचं तर तेवढं तरी आसू दे त्येच्याजवळ."

आणि त्या क्षणी मला काय वाटलं, ते सांगितलं पाहिजे. मला सुटल्यासारखं वाटलं. समोर तो दोन काठ्यांवर उभा, आणि माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. आता बोलायला नको, त्यानंच नको म्हटलंय, असा हिशेब माझ्या मनानं क्षणात मांडून टाकला. मी आयुष्यात बरंच वाईट बघितलं आणि थोडंबहुत केलंही, पण त्या हलकं वाटण्याइतकी किळस मला दुसऱ्या कशाची येत नाही.

"अजून एक," मायाप्पा म्हणाला. "आबा तुला बिरोबाच्या जत्रंला बोलवंल. हो म्हन. पर येऊ नगंस."

आम्ही परत गेलो. म्हातारा उरलेल्या पोळ्या फडक्यात बांधत होता. ते गाठोडं त्यानं माझ्या हातात कोंबलं आणि माझ्या गालावरून हात फिरवला.

"चैतात आमच्या बिरोबाची जत्रा आसती," तो म्हणाला. "सगळं गाव तुला बघायला टपलंय. येशील न्हवं बाळा?"

मायाप्पा दुसरीकडं बघत होता. मी त्यानं सांगितलं तेवढंच म्हणणार होतो.

"येतो आबा," मी म्हणालो. "नक्की येतो."

ते 'नक्की' मला कुणी म्हणायला सांगितलं नव्हतं.